मेंदूच्या पक्षाघाताचे प्रकार

वर्ष न भरलेलें मूल खुळखुळ्यासाठीं नेहमीं डावाच हात पुढें करतें. उजवी मूठ मिटलेलीच राहते. घरचीं माणसें कौतुकानें म्हणतात, ‘हें डावखुरें होणार!’ वस्तुतः पहिल्या वर्षांत मूल दोन्ही हात बहुधा सारखेच चालवितें. इतक्या लवकर एका हाताकडे कल दिसला, तर दुसऱ्या हातांत कांहीं उणें नाहीं ना, हें डॉक्टरांकडून तपासून घेणें अवश्य आहे. एका अंगाच्या पक्षाघाताची पहिली खूण पुष्कळदां हीच असते.

हा विकार वाढत्या मेंदूला झालेल्या इजेचा होय. ती इजा पुढें पसरत नाहीं; म्हणून आलेली चाल किंवा बोलणें मूल गमावूं लागलें, तर निदान निराळें शोधावें लागतें. लंडनचे शस्त्रवैद्य विल्यम जॉन लिटल ह्यांनीं १८६१ सालीं ह्याचा संबंध अवघड बाळंतपणाशीं जोडला. सिग्मंड फ्रॉइड ह्यांनीं मात्र १८९७ च्या ग्रंथांत, बाळंतपण अडलें तेंच कदाचित् गर्भांतील आधींच्या दोषामुळें, असें सुचविलें. सुइणीवर सरसकट ठपका ठेवणारांनीं हें ध्यानांत घ्यावें.

बहुतेक मुलांत ताठरपणाचा प्रकार आढळतो. पाय झटकन् वांकवूं गेल्यास तो अडतो. मूल चवड्यांवर उभें राहतें, गुडघे कात्रीसारखे एकमेकांवर येतात. अपुऱ्या दिवसांच्या मुलांत बहुधा हातांपेक्षां पाय अधिक ताठरतात. कांहींचे चारही अवयव जखडतात. तोल जाण्याचा प्रकार विरळा. त्यांत मूल पाय फांकून चालतें आणि वस्तूजवळ पोंचतां पोंचतां हात थरथरतो. मिश्र प्रकारही आहेत.

सर्वांत अन्याय होतो तो अनैच्छिक हालचालींच्या प्रकारांत. नवजात बालकाची तीव्र कावीळ हें त्याचें एक कारण, आणि तें वेळींच उपचारानें टाळतां येतें. असें मूल आरंभीं पुष्कळदां लुळें वाटतें. पुढें कांहीं करावयास गेलें कीं हातपाय पिळवटतात, चेहरा वेडावांकडा होतो, झोपेंत सारें शांत होतें. लाळ गळते, शब्द उमटत नाहीं. पाहणारा त्यास मतिमंद ठरवून मोकळा होतो. डब्लिन येथें १९३२ सालीं जन्मलेला क्रिस्टी ब्राउन असाच मतिमंद गणला गेला होता. आईनें तें मानलें नाहीं. पांचव्या वर्षीं त्यानें डाव्या पायाच्या बोटांत बहिणीचा खडू पकडला. आईनें जमिनीवर एक अक्षर काढून दाखविलें, तें त्यानें धडपडून गिरविलें. १९५४ सालीं त्याचें आत्मचरित्र प्रसिद्ध झालें.