घरच्या घरीं आगगाडीचें इंजिन

इंग्लंडांत अनेक शहरांतील बागांतून रविवारीं दुपारीं एक मौजेचा देखावा दृष्टीस पडतो. वीत-दीड वीत उंचीचें आगगाडीचें इंजिन, पोटांत खरा कोळसा व खरें पाणी, आणि मागें बसक्या डब्यांवर पाय सोडून बसलेले पांचसात प्रौढ गृहस्थ! हें इंजिन कारखान्यांतून आलेलें नसतें. एखाद्या कारकुनानें किंवा पेन्शनर गृहस्थानें तें घरामागच्या खोलींत स्वहस्तें घडविलेलें असतें. पाहणाऱ्यांपैकीं एखाद्याला त्या रात्रीं झोंप येत नाहीं. दुसऱ्याच दिवशीं तो मोठ्या मेल गाडीच्या इंजिनाचे नकाशे मागवितो, आणि येथेंच बहुधा घात होतो. वर्षभरानें सहा चाकें, तिरकस भोकें पडलेली एक पट्टी आणि पुष्कळसा पश्चात्ताप, एवढेंच काय तें कोपऱ्यांत उरतें.

या छंदाला शिस्त लागली ती पर्सिव्हल मार्शल यांनीं १८९८ सालीं सुरू केलेल्या 'मॉडेल इंजिनियर' या नियतकालिकामुळें. त्यांत पुढें 'एल. बी. एस. सी.' या टोपणनांवाचा एक विलक्षण लेखक उदयास आला. हीं अक्षरें लंडन, ब्रायटन अँड साउथ कोस्ट या रेल्वेचीं. पहिल्या महायुद्धानंतरच्या काळांत अनेक जाणत्यांचें मत असें होतें कीं, अडीच इंची रुळांवरच्या इंजिनाला स्पिरिटचा दिवाच योग्य. कोळशावर चालून तें माणसाला ओढील ही गोष्ट अशक्य. या गृहस्थानें 'आयेशा' नांवाच्या आपल्या इंजिनांत कोळसा घातला, मागें माणूस बसविला, आणि रुळांवरच उत्तर दिलें.

त्याच्या यशाचें मर्म नवशिक्यानें आधीं समजून घ्यावें. इंजिन लहान करतां येतें, परंतु निसर्गाचे नियम त्याबरोबर लहान होत नाहींत. साडेतीन इंची रुळांवरचें इंजिन मूळ इंजिनाच्या सुमारें एक सोळांश असतें. लांबी सोळापट घटली म्हणजे पृष्ठभाग २५६ पट घटतो, पण आंतील पाणी ४,०९६ पट घटतें. म्हणजे पाण्याच्या मानानें उष्णता बाहेर टाकणारा पृष्ठभाग सोळापट झाला! मोठ्या बॉयलरांतील दोन इंची धूरनळी त्याच प्रमाणांत आंखली, तर ती अवघी एक सूत उरते. काजळीनें ती पहिल्याच फेरींत तुंबावयाची. म्हणून लहान बॉयलरांत नळ्या थोड्या पण मोठ्या ठेवाव्या लागतात. आंतबाहेर हुबेहूबपणाचा हट्ट धरणाऱ्यांचीं इंजिनें शेवटीं कांचेच्या कपाटांत शोभतात.

मग आरंभ कशानें करावा? चार चाकांच्या, बाहेरच्या बाजूस दोन सिलिंडर असलेल्या साध्या इंजिनानें. एल. बी. एस. सी. यानेंच साडेतीन इंची रुळांकरितां 'टिच' नांवाचें असें एक इंजिन आंखून दिलें, व तें कित्येकांचें पहिलें इंजिन ठरलें. मात्र लहान म्हणजे सोपें, हा समज फसवा आहे. 'टिच'चे नळ व झडपा इतक्या चिमुकल्या, कीं जाड बोटांच्या माणसाला रडूं यावें. ज्याची दृष्टि साथ देत नाहीं त्यानें चारच चाकांचें, पण पांच इंची रुळांचें इंजिन निवडावें. खर्च वाढेल, वजन वाढेल, मनस्ताप मात्र वांचेल. चाकें व सिलिंडर ओतीव विकत मिळतात. घरीं भट्टी पेटविण्याच्या भरीस पडूं नये.

काम सांगाड्यापासून सुरू होतें. एक सूत जाडीच्या दोन पोलादी पट्ट्या एकमेकींस जखडून दोहोंतून एकदमच भोकें पाडावीं. निरनिराळीं पाडल्यास आंस तिरपे बसतात आणि तो दोष अखेरपर्यंत छळतो. दोन्ही बाजूंचे क्रँक परस्परांशीं काटकोनांत असावे लागतात, म्हणजे एक दट्ट्या टोकाला पोंचून अडला तरी दुसरा जोर लावतो. सिलिंडर बसले, कीं मोटारीच्या पंपानें त्यांत हवा भरून पाहावी. चाकें आपणहून फिरूं लागलीं, कीं नवख्याचा धीर असा कांहीं वाढतो कीं विचारूं नये.

तो धीर बॉयलरच्या कामीं आवरावा लागतो. दर चौरस इंचास ८० पौंड दाब, हा येथें नेहमींचा. तळहाताएवढ्या, म्हणजे दहा चौरस इंचांच्या पत्र्यावर ८०० पौंडांचा रेटा! सपाट पत्रे त्यानें फुगूं नयेत म्हणून त्यांना आरपार आधाराचे दांडे जोडतात. बॉयलर तांब्याचा करतात. लाल तापवून पाण्यांत बुडविलें तर पोलाद कठीण होतें, तांबें उलट मऊ पडतें. पुण्याच्या तांबट आळींतील कारागिरांना हें सांगावयास नको. सांध्यांना डाख चांदीचाच हवा. ८० पौंडांची वाफ सुमारें १६२ अंश सेंटिग्रेड असते, आणि शिसें-कथलाचा डाख १८३ अंशांपासून वितळूं लागतो. पाणी थोडें उतरलें कीं सांधा उकलला! चांदीचा डाख ६०० अंशांच्या वर टिकतो.

तरीही तयार बॉयलरांत एकदम वाफ करणें हा शुद्ध अविचार होय. प्रथम तो पाण्यानें कांठोकांठ भरून, हवा मुळींच न ठेवतां, हातपंपानें १६० पौंडांपर्यंत, म्हणजे दुप्पट दाब देतात. पाणी दाबलें जात नाहीं, म्हणून सांधा फुटला तर थोडें पाणी ठिबकतें एवढेंच. कोंडलेली हवा किंवा वाफ मात्र स्फोट करते. ब्रिटनमधील मंडळ्यांत ही परीक्षा जाणत्या परीक्षकासमोर होते, आणि त्याच्या दाखल्यावांचून इंजिन रुळांवर येऊं देत नाहींत. या अटीबद्दल कुरकुर करणारे भेटतात. त्यांच्या गाडीवर मुलें बसवूं नयेत.

दाखला मिळाल्यावर घासलेटांत भिजविलेले लोणारी कोळसे पेटवितात, आणि धुराड्यावर विजेचा छोटा पंखा बसवून ओढ लावतात. कांहीं वेळानें कांटा हलतो. पंखा काढून इंजिनाच्याच वाफेचा फवारा सोडतात, दगडी कोळसा पडतो, आणि ८० पौंडांवर सेफ्टी व्हॉल्व्ह फुत्कारतो. सिलिंडर अद्याप थंड असल्यानें आंत गेलेल्या वाफेचें पाणी होतें व तें तेलासकट धुराड्यांतून उडतें. कौतुकानें वांकून पाहणाऱ्या कारागिराचें तोंड काळें होतें. तो रुमाल शोधीत असतांनाच इंजिन दोन हात पुढें गेलेलें असतें.