रेंज नव्हती त्या दिवशी

(संस्थेच्या वार्षिक पालक मेळाव्यात केलेले भाषण)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'मोबाइल आणि विद्यार्थी' असा विषय छापला आहे. हा विषय मिळाला की वक्त्याने मोबाइलला शिव्या द्यावयाच्या आणि पालकांनी माना डोलवावयाच्या, असा एक रिवाज पडला आहे. मागे ह्याच व्यासपीठावरून मीही तेच केले होते. त्या भाषणाचा व्हिडिओ मीच पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, हेही कबूल करतो. आज मात्र मला फक्त एका दिवसाची हकीकत सांगावयाची आहे.

गेल्या जुलैतली गोष्ट. अतिवृष्टीच्या इशाऱ्यामुळे शाळांना अचानक सुट्टी जाहीर झाली. रात्री आमच्या मोहल्ल्याजवळ फणसाचे झाड विजेच्या तारांवर आडवे झाले. दिवे गेले ते गेलेच, आणि पहाटेपर्यंत मोबाइलची रेंजही गेली. टॉवरला बॅटऱ्या असतात, त्या काही तास तग धरतात. पुढे जनरेटर चालवावा, तर रस्त्यावर पाणी असताना त्याचे डिझेल यायचे कोठून? ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगडकडच्या कित्येक गावांनी असे अनेक दिवस काढले. त्या मानाने आमचा एक दिवस म्हणजे काहीच नाही.

पण त्या एका दिवसाने माझी चांगली फजिती केली. नमाजची वेळ मी मोबाइलवर पाहतो. मशिदीत छापील तक्ता वर्षानुवर्षे भिंतीवर आहे, त्याकडे मी कधी मान वर करून पाहिले नव्हते. लाउडस्पीकर बंद, बांगीचा नुसता आवाज पावसातून माझ्या घरापर्यंत पोहोचला नाही, आणि माझी फजर कजा झाली. नंतर दुसऱ्या दिवसाच्या पाठाची तयारी करावी म्हणून बसलो, तेव्हा कळले की घरातला शब्दकोश माळ्यावर पोत्यात आहे. दुपारी कोणीतरी कुर्ल्या आणून दिल्या. माझ्या चौथीतल्या मुलीने विचारले, "अब्बा, ह्यातला नर कुठचा?" माझा हात आपोआप खिशाकडे गेला. माझी आई, जी स्वतः चौथीच शिकलेली आहे, तिने कुर्ली उलटी केली आणि नातीला दाखवले: पोटाखालचा पडदा अरुंद नि टोकाकडे निमुळता तो नर, रुंद नि गोल ती मादी. बी.ए., बी.एड. झालेला तिचा बाप शेजारी उभा राहून ऐकत होता.

असो. हे हसण्यावारी नेण्यासारखे आहे. पुढचे तसे नाही.

असरच्या सुमारास शेजारचा एक मुलगा आला. सातवीत आहे, मी त्याचा वर्गशिक्षक. (त्याच्या वडिलांची आणि त्याची परवानगी घेऊन सांगतो आहे. नाव कोणी विचारू नये, ही विनंती.) म्हणाला, "सर, तुमच्याकडे रेंज येते का?" वडील दुबईला आहेत. रोज रात्री साडेनऊला, म्हणजे तिकडच्या आठला, बोटिमवर त्यांचा चेहरा दिसतो. आदल्या रात्री तो दिसला नव्हता आणि आजही दिसणार नव्हता. मुलगा रडत नव्हता, पण माझ्या अंगणातच तीन ठिकाणी जाऊन त्याने हात वर करून पाहिले. बंधुभगिनींनो, आपण ज्याला 'मोबाइलचे व्यसन' म्हणतो, त्यात कोणाचा बापही असतो, हे मला माझ्या भाषणात सुचले नव्हते.

आई ओटीवरून म्हणाली, "बाबाला कागद लिही ना." तो हसला. तेव्हा आईने आतून बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणला. माझे वडील जहाजावर होते. त्यांची पत्रे तिने त्यात ठेवली आहेत. उत्तर यायला महिना लागे, कधी दीड. पत्रात बहुतेक हिशोबच: वाण्याला किती द्यायचे, कौले कधी फिरवायची. शेवटी एक-दोन ओळी माझ्यासाठी. आईने त्यातले एक त्याला वाचायला दिले. त्याने ते दोनदा वाचले आणि वही मागितली.

'तीर्थरूप बाबांस' हे त्याने झरझर लिहिले. ते मीच शिकवले आहे. उजव्या कोपऱ्यात पत्ता, खाली दिनांक, सगळे जागच्या जागी. 'मी येथे खुशाल आहे' इथपर्यंत आला, थांबला आणि मला विचारले, "सर, किती ओळी लिहू?"

हा प्रश्न माझ्या वर्मी लागला. मुख्याध्यापकांस रजेचा अर्ज, मित्रास अभिनंदनाचे पत्र, हे मी इतकी वर्षे गुणांसाठी लिहून घेतो. ज्याला पत्र लिहावे असा माणूस मुलाला खरोखर असू शकतो, हे शिकवण्यात कधी आलेच नाही. मी म्हटले, "ओळी मोजू नकोस. फोनवर सांगायचे राहते ते लिही." आणि मी उठून आत गेलो.

पत्त्याची अडचण निघाली. त्याला स्वतःच्या गावाचा पिनकोड पाठ नव्हता. माझ्या मुलीलाही नव्हता. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेली ही सहा आकड्यांची योजना ज्यांनी आखली, ते श्रीराम भिकाजी वेलणकर आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातले, संस्कृतचे कवी. ४१५ ने सुरू होणारा आपला आकडा मुलांना शिकवताना हेही सांगावे. दुबईला आणखी निराळे: तिकडे पत्र घरपत्त्यावर नव्हे, पोस्टाच्या पेटी क्रमांकावर जाते. तो क्रमांक वडिलांच्या कंपनीच्या जुन्या कार्डावर सापडला.

मगरिबच्या आधी त्याने दीड पान माझ्यापुढे ठेवले. "शुद्धलेखन बघा, सर." म्हणून मला ते वाचावे लागले. त्यात होते की त्याला अपूर्णांक येत नाहीत, आजचे नव्हे, पाचवीपासून. शिकवणीची फी तुम्ही पाठवता, पण मी दोन महिने तिकडे न जाता जेटीवर बसतो, कारण तिथले सगळे पुढे गेलेले आहेत. आणि रात्री फोन येतो तेव्हा मी कपाटाला टेकून बसतो, म्हणजे गळणारा कोपरा तुम्हाला दिसू नये. आईने सांगितले आहे की बाबांना काळजी लावू नको.

शुद्धलेखनाच्या चार चुका होत्या. मी एकही दुरुस्त केली नाही. हा मुलगा जूनपासून माझ्या वर्गात दुसऱ्या बाकावर बसत होता, आणि मी त्याच्या नावापुढे 'समाधानकारक' असे लिहून मोकळा झालो होतो.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास रेंज आली. रात्री बापलेकांचे बोलणे झाले. "सगळे ठीक," असे तो म्हणाला असणार. चौथ्या दिवशी त्याने विचारले, "आता पत्र पाठवू का?" मी म्हटले, "तुझी मर्जी." त्याने पोस्टात वजन करून तिकीट लावून ते टाकले.

तीन आठवडे उलटल्यावर वडिलांचा मला फोन आला. "सर, रोज चेहरा बघतो मी त्याचा. रोज विचारतो. कधी बोलला नाही." त्यांना काय उत्तर द्यावे, ते मला सुचले नाही. मीही रोजच त्याचा चेहरा पाहत होतो.

त्यानंतर आमच्या गणिताच्या सरांनी शनिवारी शाळा सुटल्यावर अपूर्णांकांचा वर्ग धरला. पहिल्या शनिवारी हा एकटा येईल असे वाटले होते. अकरा मुले आली, त्यात नववीतली दोन. म्हणजे जेटीवर बसणारा हा एकटाच नव्हता. त्या वर्गाला फी नाही आणि त्याची सूचना व्हॉट्सॲपवर येत नाही. ज्यांच्या मुलांना यावयाचे असेल, त्यांनी कार्यक्रमानंतर मला किंवा गणिताच्या सरांना भेटावे. कोणत्या इयत्तेपासून अडले आहे, एवढेच विचारले जाईल.

वडिलांचे उत्तर सुट्टीवर येणाऱ्या एका गाववाल्याच्या हाती आले. मुलाने ते मला दाखवले नाही, मीही मागितले नाही. कोपऱ्यावरची कौले मात्र फिरवलेली दिसली.