बालमनाचे आघात आणि समाजाचे दायित्व



आई-वडिलांचा मृत्यू, अत्याचार किंवा हिंसा अनुभवलेले बालक रात्री दचकून उठते, अबोल होते, घडल्या प्रकाराबद्दल स्वतःलाच दोष देते. समाज मात्र त्याला ‘हट्टी’ अथवा ‘अभ्यासात मंद’ ठरवून मोकळा होतो.

अशा बालकांसाठी अमेरिकेतील ज्युडिथ कोहेन, अँथनी मॅनारिनो व एस्थर डेब्लिंगर या तज्ज्ञांनी एक उपचारपद्धती विकसित केली. तीत औषध नाही. मन शांत करण्यास शिकणे, भावनांना शब्द देणे, घडलेला प्रसंग हळूहळू सांगणे, ‘दोष माझा नव्हता’ हे उमजणे आणि या वाटचालीत पालकाने सोबत असणे, अशा तिच्या पायऱ्या आहेत.

परंतु जेथे मानसोपचारतज्ज्ञच दुर्मीळ, तेथे ती पोहोचणार कशी? याचे उत्तर आफ्रिकेतील झांबिया देशाने दिले. एड्सने तेथील असंख्य बालके पोरकी केली होती. राजधानी लुसाका येथे २०१२-१३ मध्ये ५ ते १८ वर्षांच्या २५७ बालकांचा अभ्यास झाला. उपचार दिले ते प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्त्यांनी. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या बालकांच्या आघातलक्षणांत सुमारे ८२ टक्के घट झाली. नेहमीचे साहाय्य मिळालेल्या बालकांत ती २१ टक्के होती.

या यशाचे मर्म केवळ प्रारंभीच्या प्रशिक्षण शिबिरात नव्हते. कार्यकर्ते दर आठवड्याला स्थानिक पर्यवेक्षकासमोर प्रत्येक बालकाची प्रगती मांडीत. पर्यवेक्षक तज्ज्ञांचा सल्ला घेत. हा क्रम अखंड चालला.

केनिया व टांझानियातील ६४० पोरक्या बालकांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२० मध्ये आले. केनियात वर्षभरानंतरही या उपचाराचा अधिक लाभ टिकून होता. टांझानियात मात्र वर्षअखेर दोन्ही गटांतील बालके सारखीच सुधारलेली आढळली. सिद्ध झालेली पद्धतीही प्रत्येक ठिकाणी पुन्हा पारखून घ्यावी लागते, हाच त्याचा बोध.

दानशूर व्यक्ती वास्तूसाठी मुक्तहस्ते देणगी देतात, शिबिराच्या उद्घाटनास आवर्जून येतात. ते स्तुत्यच आहे. तथापि पर्यवेक्षकाचे मानधन, कार्यकर्त्याचा प्रवासखर्च आणि साप्ताहिक बैठक यांवर कोणाचे नाव कोरले जात नाही. हा खर्च वर्षानुवर्षे उचलणारा दाता लाभला, तरच सिद्ध झालेला उपचार ग्रंथातून वस्तीतील बालकापर्यंत पोहोचेल. सुवर्णमहोत्सवी वर्षात दानाच्या या अनाम वाटेचाही विचार व्हावा, हीच नम्र अपेक्षा.