मुंबापुरीच्या दर्शनास निघताना
(वार्षिक संमेलनात शहाड येथे केलेले भाषण)



संमेलन आटोपले की परगावची पाहुणेमंडळी बिर्ला मंदिरातील विठोबाचे दर्शन घेतात आणि दुसऱ्या दिवशी मुंबई पाहण्यास निघतात. त्या प्रवासाविषयी चार शब्द सांगावेत, अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा आहे. मी पडलो शाळामास्तर. तेव्हा विषय धड्याप्रमाणे क्रमाने मांडतो.

प्रथम ऋतुविचार. मार्गशीर्ष ते माघ हा काळ उत्तम. मुंबईचे ऊन देशावरच्याइतके कडक नसते. परंतु हवा दमट असल्यामुळे घाम वाळत नाही व थकवा लवकर येतो. म्हणून सुती वस्त्रे वापरावीत आणि तहानेची वाट न पाहता पाणी किंवा लिंबाचे सरबत घ्यावे. पावसाळ्यात तर भरतीची वेळ पाहिल्यावाचून निघू नये. भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की शहरातील पाण्याला समुद्राकडे वाट राहत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. पुराच्या त्या पाण्यातून चालल्यामुळे पुढे लेप्टोस्पायरोसिसची साथ पसरली. पायास जखम असल्यास अशा पाण्यात उतरू नये. उतरावेच लागले तर वैद्याचा सल्ला त्वरित घ्यावा.

आता आगगाडी. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली गाडी आली. आज तोच मार्ग आपली जीवनवाहिनी आहे. शहाडहून बोरीबंदरास, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला, सुमारे दीड तास लागतो. सकाळी सात ते अकरा मुंबईकडे व सायंकाळी पाच ते नऊ परतीस निघणे पाहुण्यांनी टाळावे. भरलेली गाडी सोडून द्यावी. मागून दुसरी येतेच. दारात कदापि लटकू नये. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ भरल्या गाड्यांतून पडून प्रवाशांचे प्राण गेले. ती माणसे आपल्याच बाजूची, कामधंद्यास निघालेली होती. रूळ ओलांडू नयेत, पुलावरूनच जावे. मुलांच्या व वृद्धांच्या खिशात नावपत्त्याची चिठ्ठी ठेवावी. अडचणीत १३९ हा रेल्वेचा क्रमांक फिरवावा.

प्रेक्षणीय स्थळांची यादी मोठी आहे. दिवसाकाठी दोनच ठरवावीत. राणीचा बाग बुधवारी बंद असतो व घारापुरीची लेणी सोमवारी. घारापुरीस गेटवेहून नौकेने सुमारे एक तास लागतो. वर शंभराहून अधिक पायऱ्या आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे. सुमारे वीस फूट उंचीची ती त्रिमुखी शिवमूर्ती पाहून श्रमांचे सार्थक होते. मात्र नौकेत तरणजाकीट अंगावर घातल्यावाचून बसू नये. १८ डिसेंबर २०२४ रोजी याच मार्गावरील नौकेस अपघात होऊन अनेकजण बुडाले. जुहूच्या चौपाटीवरही पावसाळ्यात पाण्यात शिरू नये.

शेवटी एक गंभीर गोष्ट. गावाकडून येणारे सर्वच लोक मौजेसाठी येत नाहीत. कित्येक जण परळच्या के. ई. एम. किंवा टाटा रुग्णालयात आपला माणूस घेऊन येतात. त्यांनी जुने कागद क्रमाने लावून बरोबर ठेवावेत व पहाटेच गाडी धरावी. अपंगांसाठी राखीव असलेल्या डब्यात कर्करोगाच्या रुग्णांसही बसता येते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. अशा वेळी नवख्या माणसास नुसता गाडीचा क्रमांक सांगून भागत नाही. शहाडकर ज्ञातिबांधवांनो, घरातील एक जाणते माणूस त्यांच्यासोबत परळपर्यंत धाडा. आपल्या संघाचा खरा उपयोग तेथेच आहे. ज्ञातीचा मोठेपणा संमेलनाच्या मांडवावरून मोजू नये. अडलेल्या पाहुण्यास आपण किती साथ दिली, यावरून मोजावा.