घरच्या घरी गर्भपात : हक्क आणि दक्षता

(धुळे जिल्ह्यातील महिला मेळाव्यात एका निवृत्त परिचारिकेने केलेले भाषण)



माझ्या भाषणाचा विषय जाहीर होताच मागल्या रांगेतील काही भगिनींनी पदर तोंडाशी नेला, हे मी येथून पाहिले. त्याबद्दल मी त्यांना दोष देत नाही. पण ज्या गोष्टीचे नाव घ्यावयास आपण लाजतो, ती आपल्या घरांतून घडत नाही काय? जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांतील रुग्णालयांत माझे सारे आयुष्य गेले. रात्री अकरा वाजता भावजयीच्या खांद्यावर डोके टाकून आलेली बाई आणि कानाशी लागून "माय, कोनले सांगू नको" म्हणणारी तिची भावजय मी किती वेळा पाहिली, याची गणती माझ्यापाशी नाही.

त्यांपैकी एकीची हकीकत सांगते. साक्री तालुक्याकडची, तीन लेकरांची आई. पाळी चुकली तेव्हा नवऱ्याने बाजारच्या दिवशी एका दुकानातून चिठ्ठीवाचून गोळ्यांचे पाकीट आणले. तिने त्या घेतल्या. रक्त फारसे गेले नाही. पोटात एका बाजूस कळ मात्र राहिली. दुकानदार म्हणाला, "होईल हळूहळू." तिसऱ्या दिवशी ती चुलीपुढे बेशुद्ध पडली. गर्भ पिशवीत नव्हताच, नळीत होता, आणि ती नळी फुटली होती. ती वाचली, पण थोडक्यात. तपासणी झाली असती तर हा प्रसंगच आला नसता. गोळीने नळीतला गर्भ पडत नाही, एवढी एक गोष्ट त्या घरात कोणासही ठाऊक नव्हती.

म्हणून प्रथम कायदा पाहू. १८६० च्या दंडसंहितेने स्त्रीचा जीव वाचविण्याखेरीज अन्य कारणाने केलेला गर्भपात गुन्हा ठरविला होता आणि त्यात स्वतः स्त्रीलाही शिक्षा होती. हा कायदा असतानाच १८६३ साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. फसविल्या गेलेल्या विधवेला विहीर किंवा गळफास याखेरीज तिसरा मार्ग असावा, हा त्यामागचा हेतू. पुढे संततिनियमनाचा उघड प्रचार करणाऱ्या र. धों. कर्वे यांच्यावर 'समाजस्वास्थ्य' मासिकातील मजकुराबद्दल खटला झाला, तेव्हा १९३४ साली न्यायालयात त्यांच्या बाजूने उभे राहिले ते बाबासाहेब आंबेडकर. खटला हरला. १९३८ च्या नोव्हेंबरात स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव मांडला गेला. तोही फेटाळला गेला. हे दोन्ही पराभव आपण विसरू नये, कारण आज आपल्या हाती जे आले आहे ते कोणी दयेने दिलेले नाही.

वैद्यकीय गर्भपाताचा कायदा १९७१ साली झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून अमलात आला. २०२१ च्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचे मत पुरते. पुढे चोवीस आठवड्यांपर्यंत ठराविक स्त्रियांसाठी दोघांचे लागते. संततिनियमनाचे साधन फसले हे कारण पूर्वी विवाहितेपुरते होते. आता ते कोणत्याही स्त्रीसाठी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निर्णयात अविवाहितेलाही वीस ते चोवीस आठवड्यांच्या तरतुदीत सामावून घेतले. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या स्त्रीची केवळ स्वतःची संमती लागते. नवऱ्याची सही लागत नाही, सासूची तर नाहीच. (येथे पुरुषांच्या बाजूने जरा कुजबुज होते आहे. होऊ द्या.) तिचे नाव बाहेर फोडणाऱ्या डॉक्टरला शिक्षेची तरतूद आहे. मात्र हेही लक्षात असू द्या की या कायद्याच्या बाहेर केलेला गर्भपात आजही गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या ८८ व्या कलमात आला आहे.

आता गोळ्यांकडे येते. भारतात गोळ्यांनी गर्भपात नऊ आठवड्यांपर्यंत, म्हणजे ६३ दिवसांपर्यंत करता येतो. हे दिवस शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजावयाचे, पाळी चुकल्या दिवसापासून नव्हे. येथेच बहुतेकींचा हिशेब चुकतो. भिंतीवरील दिनदर्शिकेवर खूण करण्याची सवय लावा. आशाताईंकडे तपासणीची पट्टी मिळते. ती पट्टी 'आहे' म्हणाली की डॉक्टरकडे जा. गर्भ पिशवीत आहे काय, अंगात रक्त किती आहे, रक्तगट कोणता, तांबी बसविलेली आहे काय, हे तेथे पाहिले जाते. ज्यांच्या अंगात रक्त फारच कमी आहे, ज्यांना सिकलसेलचा आजार आहे, दमा, रक्त न गोठण्याची व्याधी आहे, किंवा स्टेरॉइड अथवा रक्त पातळ करणारी औषधे चालू आहेत, त्यांनी हे मुद्दाम सांगावे. आपल्या मजूर भगिनींच्या अंगात रक्त किती असते, हे काय मी सांगावे?

पहिली गोळी मिफेप्रिस्टोन, ती गिळावयाची. २४ ते ४८ तासांनी दुसरे औषध मिसोप्रोस्टॉल, ते डॉक्टर सांगतील त्या रीतीने. हे दुसरे औषध डॉक्टरच्या सल्ल्याने घरी घेता येते. घेतल्यावर काही तासांत कळा येतात, पाळीपेक्षा अधिक रक्त जाते, गाठी पडतात. थंडी वाजणे, उलटी, जुलाबही होतात. याने घाबरू नये. गर्भ पडतो तो असाच. वेदनेसाठी डॉक्टरने दिलेली गोळी कळा वाढण्यापूर्वीच घ्यावी. पुढे आठ-पंधरा दिवस थोडे थोडे रक्त जाते.

परंतु लागोपाठ दोन तास दर तासाला दोन मोठ्या घड्या पूर्ण भिजल्या, ताप एका दिवसाहून अधिक राहिला, दुर्गंधी आली, चक्कर येऊ लागली, कळ गोळीने थांबेना, किंवा दुसरे औषध घेऊन चोवीस तास लोटले तरी रक्त गेलेच नाही, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. सातपुड्याच्या पायथ्याशी, शिरपूर वा चोपडा तालुक्यांतील दूरच्या पाड्यावर राहणाऱ्या, किंवा एकाच खोलीत सात माणसे असणाऱ्या भगिनीने घरी घेण्याचा आग्रह धरू नये. दुसऱ्या औषधाच्या दिवशी रुग्णालयातच राहण्याची सोय मागावी. घर म्हणजे पाणी, आडोसा आणि जवळ एक जाणते माणूस. ते नसेल तर ते घर या कामाचे नव्हे.

एक गैरसमज दुकानदारांनीही वाढविला आहे. २०१२ चे परळीचे आणि २०१७ चे म्हैसाळचे प्रकरण उघडकीस आल्यावर या गोळ्या म्हणजे मुली मारण्याचे साधन अशी समजूत पसरली. परिणामी डॉक्टरची चिठ्ठी घेऊन आलेल्या बाईला 'नाही' म्हणावयाचे आणि चिठ्ठीवाचून आलेल्या पुरुषाला चढ्या भावाने द्यावयाचे, असा उलटा व्यवहार मी पाहिला आहे. नऊ आठवड्यांच्या आत सोनोग्राफीवर मुलगा की मुलगी हे कळतच नाही. लिंगनिदान हा १९९४ च्या कायद्याने निराळा गुन्हा आहे आणि त्याचा मी धिक्कार करते. पण त्याचा राग या बाईवर काढू नये.

नवदीक्षित कुटुंबांतून मला विचारतात, "बाई, आपण पहिले शील घेतले आहे, मग हे कसे?" हा प्रश्न खरा आहे आणि मी तो उडवून लावणार नाही. ज्या स्त्रीपुढे तो उभा राहतो तिने तो स्वतःच्या विवेकाने सोडवावा. पण ज्याने नऊ महिने पोट वाहिले नाही, त्याने तिच्यावर न्यायाधीश होऊन बसावे असे माझ्या वाचनात आलेल्या धम्मात कोठे नाही. आणि संततिनियमन आधीच झाले असते तर ही वेळ आली नसती, हे त्या नवऱ्यांनाही सांगा. गर्भपातानंतर आठ-दहा दिवसांतही पुन्हा दिवस राहू शकतात. पाळीची वाट पाहात बसू नका, साधन त्याच भेटीत मागा.

पंधराव्या दिवशी पुन्हा तपासणीस जाणे चुकवू नका. घरची पट्टी काही आठवडे 'आहे' असेच दाखवीत राहते, तिच्यावर विसंबू नका. आणि रात्री-अपरात्री रुग्णालयात जाण्याची वेळ आलीच तर 'आपोआप झाले' असे खोटे सांगू नका. कोणती गोळी, किती वाजता, हे कागदावर लिहून ठेवा आणि रिकामे पाकीट पिशवीत घालून बरोबर न्या. आम्हांला पहिला प्रश्न तोच विचारावा लागतो.