बिघाडाची सांखळी

१२ ऑक्टोबर २०२० रोजीं सकाळीं दहाच्या सुमारास मुंबई, ठाणें व नवी मुंबई येथील वीज गेली आणि लोकलगाड्या जागच्या जागीं उभ्या राहिल्या. डब्यांत अडकलेल्या उतारूला 'वीज गेली' एवढेंच कळलें. त्याच दिवशीं तेव्हांचे ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनीं केलेला खुलासा मात्र पायरीपायरीचा होता. कळवा ते पडघा या ४०० किलोव्होल्टच्या वाहिनीचें एक सर्किट दुरुस्तीसाठीं बंद होतें. म्हणून भार दुसऱ्या सर्किटवर होता. त्या दुसऱ्यांत बिघाड झाला. म्हणून ठाणें व मुंबई येथील पुष्कळसा भाग विजेवांचून राहिला. दोन्ही वार्ता खऱ्याच. पण दुरुस्तीला निघालेल्या मनुष्याला कोठें जावें हें दुसरीनेंच समजतें.

संगणकाचे प्रोग्रामही असेच बिघडतात. मोठा प्रोग्राम हा अनेक थरांचा असतो; वरचा थर खालच्याला काम सांगतो, तो त्याच्याही खालच्याला. समजा, डोंबिवलीच्या एखाद्या दवाखान्यांत रुग्णाची जुनी नोंद उघडत नाहीं. पडद्यावर 'कांहीं तरी चुकलें' एवढेंच आलें, तर कारकून तेंच बटण दहा वेळां दाबीत बसतो. उलट, केवळ 'फाइल सांपडली नाहीं' असें आलें, तर कोणती फाइल व ती कशासाठीं हवी होती, हा उलगडा होत नाहीं. पण पडद्यावर असें आलें तर?

रुग्णाची नोंद उघडतां आली नाहीं.
कारण: नोंदींची सूची वाचतां आली नाहीं.
कारण: 'सूची' नांवाची फाइल ठरल्या जागीं नाहीं.

पहिल्या ओळीवरून कारकुनाला आपलें कोणतें काम अडलें तें कळतें. शेवटच्या ओळीवरून दुरुस्ती करणाराला हात कोठें घालावयाचा तें कळतें. आणि मधली ओळ त्या दोघांना जोडते.

ही गरज ओळखून प्रोग्राम लिहिण्याच्या भाषांनीं सोयी केल्या. जावा भाषेंत २००२ सालच्या १.४ आवृत्तीपासून एका चुकीच्या पोटीं तिचें कारण ठेवतां येतें. २००८ सालच्या पायथन ३.० मध्यें तीच सोय आली आणि गो भाषेंत २०१९ सालीं १.१३ या आवृत्तीनें. जावा वरची चूक आधीं छापते व कारणें तिच्याखालीं. पायथन मूळ कारण आधीं छापतें व अखेरची चूक शेवटीं. रस्ट भाषेंत प्रत्येक चुकीला तिचें मूळ विचारतां येतें. परंतु सारी सांखळी नीट छापण्याचें काम प्रोग्राम लिहिणाराकडे सोडलेलें आहे. तें न करतां त्यानें चूक तशीच प्रोग्रामच्या मुख्य भागांतून बाहेर जाऊं दिली, तर बहुधा कंसांनीं भरलेलें, सामान्य माणसाला न वाचतां येणारें रूप पडद्यावर उमटतें.

म्हणून थोडी शिस्त पाळावी लागते. प्रत्येक थरानें आपण काय करीत होतों एवढेंच एका ओळींत सांगावें. खालून आलेलें कारण टाकून देऊं नये. तें मागें जोडून ठेवावें. मात्र तेंच कारण आपल्या वाक्यांतही घालूं नये; नाहीं तर सांखळी छापतांना एकच मजकूर दोनतीनदां येतो आणि वाचणारा कंटाळून मुख्य ओळच गाळतो. फाइलीचें नांव, नोंदीचा क्रमांक अशी खूण अवश्य द्यावी; पण परवलीचा शब्द किंवा रुग्णाचा खाजगी तपशील त्यांत कधींही येऊं देऊं नये. आणि सांखळी छापावी ती एकदांच, सर्वांत वरच्या ठिकाणीं.

यांत चतुराईपेक्षां परोपकाराचाच भाग अधिक आहे. प्रोग्राम लिहिणारा घरीं निजलेला असतो, तेव्हां रात्रपाळीचा कोणी मनुष्य त्या ओळी वाचीत असतो आणि बाहेर बांकावर रुग्ण तिष्ठत असतो. तीन ओळी लिहिण्याचा कंटाळा केला, तर त्याची भरपाई या दोघांना आपल्या वेळानें करावी लागते.