मोसंबीची साल आणि साखरेचा ताळेबंद

(जागतिक मधुमेह दिनानिमित्त रुग्णांच्या नातेवाइकांच्या मेळाव्यात रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. वैद्यकशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. तथापि प्रशासक या नात्याने एक प्रश्न माझ्या टेबलापर्यंत वारंवार येतो. "संत्र्या-मोसंबीच्या सालीने साखर उतरते म्हणतात, मग इन्सुलिनचा खर्च कशासाठी?" विचारणाऱ्याच्या मागची ओढाताण मी जाणतो. म्हणून तज्ज्ञांनी प्रसिद्ध केलेल्या माहितीच्या आधारे या प्रश्नाचा ताळेबंद आपणापुढे ठेवतो.

प्रथम जमेची बाजू. संत्र्या-मोसंबीत हेस्पेरिडिन, ग्रेपफ्रूट व पपनसात नॅरिन्जिन आणि लिंबात एरिओसिट्रिन ही द्रव्ये असतात. रसापेक्षा साल व तिच्या आतील पांढऱ्या भागात हेस्पेरिडिन अधिक असते. मधुमेही उंदरांवरील प्रयोगांत हेस्पेरिडिन व नॅरिन्जिन यांमुळे रक्तातील साखर घटल्याचे आढळले. यकृतात साखर तयार करणाऱ्या यंत्रणेला त्यांनी आवर घातला होता. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या ब्राझीलमधील अभ्यासात मधुमेहाच्या उंबरठ्यावरील व्यक्तींना एरिओसिट्रिनयुक्त अर्क १२ आठवडे देण्यात आला. त्यांची साखर सुमारे ५ टक्क्यांनी उतरली.

आता नावे बाजू. उपाशीपोटी साखर ११० असणाऱ्यास ५ टक्के म्हणजे १०४-१०५. त्याला हा दिलासाच. परंतु २५० असणाऱ्यास तेवढाच लाभ गृहीत धरला, तरी आकडा २३७च्या आसपासच राहतो. शिवाय तो अर्क मोजून दिलेला होता. घरी वाटलेल्या सालीच्या चूर्णात द्रव्य किती, हे कोण मोजणार? ज्यांच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही, त्यांच्यासाठी तर हा जीवनमरणाचा प्रश्न आहे. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटो येथे १४ वर्षांच्या मुलाला इन्सुलिन प्रथम टोचले गेले. तोवर अशा मुलांच्या आईवडिलांच्या हाती वाट पाहण्यापलीकडे काही नव्हते. त्या इन्सुलिनच्या जागी कोणतीही साल उभी राहू शकत नाही.

आणखी दोन नोंदी. ग्रेपफ्रूट, तसेच आपले पपनस, कोलेस्टेरॉल व रक्तदाबाच्या काही गोळ्यांचे रक्तातील प्रमाण धोकादायक रीतीने वाढवू शकते. म्हणून डॉक्टरांना विचारूनच खावे. दुसरी नोंद रुग्णाला भेटावयास येताना आपण प्रेमाने आणतो त्या मोसंबीच्या रसाची. एका पेल्यात अनेक फळांची साखर उतरते आणि चोथा मागे राहतो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील मोठ्या पाहणीत अख्खी फळे खाणाऱ्यांत मधुमेहाचा धोका कमी, तर फळांचा रस पिणाऱ्यांत अधिक आढळला. तेव्हा डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या प्रमाणात मोसंबीच्या फोडी द्याव्यात. साखर एकाएकी उतरून घाम व थरथर सुटली, तर मात्र तोच रस उपयोगी पडतो.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी मधुमेही आहेत. देणगीदारांना माझी नम्र विनंती अशी, की आपले दान गरजू रुग्णाच्या इन्सुलिनसाठी, साखर तपासण्याच्या पट्ट्यांसाठी आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणाऱ्या तपासणीसाठी यावे. नातेवाइकांना विनंती अशी, की पैशाची अडचण असल्यास औषध परस्पर बंद न करता आधी आमच्या कार्यालयात यावे. संशोधन पुढे जाईल, फळांतून उद्या औषधही निघेल. तोवर सुरू असलेला डोस चुकू नये, एवढेच मागणे.